काचेतल्या बेगमचा ताबा

मी, फक्रुद्दीन मीरासाब मणेर, वय वर्षे चौसष्ट, धंदा फोटोंना चौकटी करणे, राहणार शनिवार पेठ, कोल्हापूर, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने आणि स्वतःच्या हट्टाने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्या माणसांकडून तसा दाखला मिळण्यासारखा नव्हता, म्हणून मागितला नाही. त्याच डॉक्टरांनी माझं काळीज तपासून जे सांगितलं, ते ऐकल्यावर हे लिखाण पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. शहाणपणाचं एक तरी काम माझ्या हातून व्हावं अशी माझ्या बायकोची फार वर्षांची इच्छा आहे.

यातली कायद्याची भाषा सांगावकर वकिलांची, बाकीची माझी. वकिलांनी पहिल्या मसुद्यातला अर्धा मजकूर अनावश्यक म्हणून खोडला होता. मी तो पुन्हा लिहून काढला, कारण माझ्या आयुष्यातला अनावश्यक मजकूर वगळला तर नाव आणि पत्ता एवढंच उरतं.

कलम १. माझ्या मयतीचा फार खटाटोप करू नये. कबरीवर दगड किंवा फरशी बसवू नये, साधी माती असू द्यावी. मातीत जे कोण भेटायला येतील त्यांच्याशी माझा जुना घरोबा आहे. ते मला ओळखतील की नाही ते सांगता येत नाही, पण मी त्यांना ओळखीन.

कलम २. राहतं घर मी हयातीतच माझी पत्नी मेहमुदा हिच्या नावे करून दिलेलं आहे. तेव्हा घराबद्दल या कागदात काही नाही आणि कुणी काही काढूही नये. त्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझ्या मुंग्या तिच्या परवानगीने राहतो. परवानगी तोंडी आहे. रोज सकाळी झाडलोट करताना ती रद्द होते आणि संध्याकाळी चहाच्या वेळी पुन्हा मिळते.

आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे वारस दोनच, बायको मेहमुदा आणि धाकटा भाऊ दिलदार. या दोघांचं जगातल्या एकाच गोष्टीवर एकमत आहे आणि ती गोष्ट पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे.

कलम ३. सदर गोष्टीचं वर्णन येणेप्रमाणे. सागवानी पट्ट्यांची एक चौकट, तिला मागून-पुढून काच, दोन काचांच्या मधे बोटभर जागेत ओलसर माती. काचेवर लाल जिलेटिनचा कागद, कारण मुंग्यांना लाल उजेड दिसत नाही आणि आपण अंधारात आहोत असं त्यांना वाटतं. कागद उचलून बघितलं की मातीतले बोळ, कोठ्या, त्यातली ये-जा सगळं दिसतं. ही काळ्या मुंगळ्यांची वसाहत आहे आणि तळाच्या कोठीत त्यांची राणी बेगम राहते. या कागदात जिथे जिथे बेगम असं येईल तिथे तिथे ती मुंगळी समजावी. हा खुलासा माझ्या बायकोने घालायला लावला आहे.

हा नाद मला कसा लागला ते वकिलांच्या मते सांगण्याची गरज नाही, म्हणून सांगतो. आमचे वडील मीरासाब पेठेपेठेत फिरून बायकांना बांगड्या भरत. काच आमच्या घरात पहिल्यापासूनची. दिलदारने बांगड्यांचं दुकान काढलं, मी सपाट काचेकडे वळलो. उभा जन्म मी काचेमागे गप्प बसणारी माणसं बसवली. मेलेले आजोबा, नुकतं लग्न झालेली जोडपी, हरलेले आणि जिंकलेले पुढारी. कधीतरी वाटू लागलं की काचेमागे काहीतरी हलायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला असं वाटलं असतं तर त्याने मासे पाळले असते.

पहिल्या खेपेला मी एक अख्खं वारूळभर पाहुणे आणून चौकटीत सोडले आणि कडा नेहमीच्या खळीने चिकटवल्या. आम्ही चौकटवाले खळीत मोरचूद घालतो, किडामुंगीने कागद खाऊ नये म्हणून. हात सवयीने चालला. दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे उताणे. मुंग्या पाळायला निघालेल्या माणसाने त्यांच्या घराला मुंग्या मारायचं औषध लावलं होतं. मेहमुदाने हे ऐकून इतकं हसून घेतलं की त्या दिवशी मला वाटलं, हा नाद तिला चालणार आहे.

बेगम मला कळंब्याला मिळाली. साल एकाहत्तर. वळीव पडून गेला होता, मी तिकडच्या एका साहेबांच्या घरी तसबिरी पोचवून सायकलवरून परतत होतो. तलावाच्या कडेला रस्त्यावर पंख गळालेली एक भली मोठी मुंगळी एकटीच निघाली होती, पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखी. माझ्या खिशात अत्तराची रिकामी कुपी होती. तीत तिला घातली आणि घरी आणली. मग तिने खाणंच सोडलं. मी गूळ दिला, खोबरं दिलं, बिर्याणीचं शीत दिलं. ती बघेना. मी जेवणावरून उठू लागलो, तेव्हा मेहमुदा म्हणाली, "मला ताप आलता तवा चारी ठाव जेवलासा." पुढे कळलं की अंडी घालून पहिली पोरं मोठी होईपर्यंत राणी उपाशीच असते आणि माझी काळजी फुकट गेली.

एवढ्या मोठ्या देहाचा प्राणी मालकच असणार असं धरून मी तिचं नाव बादशहा ठेवलं. चार वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बादशहा दाखवत होतो. मग कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मीनाबाई कांबळे आपल्या पदवीच्या फोटोला चौकट करायला आल्या. त्यांनी लाल कागद उचलून बघितलं आणि सांगितलं की ही मादी आहे, अंडी हीच घालते, कामकरी मुंग्याही सगळ्या माद्याच, आणि नर फक्त लग्नापुरते जन्माला येतात, मग मरतात. मेहमुदा दारात उभी होती. ती म्हणाली, "बरं हाय की बाई त्यांच्यात." त्या दिवशी बादशहाची बेगम झाली. तिला त्याने काही फरक पडला नाही.

कलम ४. दुकानातली सगळी हत्यारं, म्हणजे काच कापायचा हिरा, करवती, रंधे, गुण्या आणि दुकान चालवायचा हक्क मी माझा जुना भागीदार केरबा सुतार यास देत आहे. कोपऱ्याचा जोड त्याला आजपर्यंत एकदाही बिनफटीचा जमलेला नाही. फटीत भुसा आणि सरस भरून तो वरून पॉलिश मारतो. मला सगळं दिसत होतं, हे त्याला माझ्यामागे कळावं म्हणून इथे नोंदवतो.

चंदगडच्या प्रकरणाचा निकालही इथेच लावतो. बेगमची एक पट्टी सुटली म्हणून मी तिची चौकट दुकानात आणली होती आणि ऊन लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून ठेवली होती. शेजारी त्याच मापाची, तशीच गुंडाळलेली, चंदगडकडच्या भाऊसो नावाच्या गिऱ्हाइकाच्या वडिलांची तसबीर. भाऊसो एस.टी.च्या घाईत आला, पुडकं घेऊन गेला. कुणी कुठलं पुडकं दिलं यावर माझा आणि केरबाचा वाद आहे. मृत्युपत्र माझं असल्यामुळे चूक केरबाची धरावी.

तिकडे वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमलेली. पाटावर तसबीर उभी केली, वरचा कागद फाडला, डोळे मिटलेल्या म्हातारीने हार घातला आणि मग सगळ्यांनी बघितलं. दोन दिवसांनी भाऊसो चौकट मांडीवर घेऊन एस.टी.तून दुकानात हजर. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. तो शांतपणे म्हणाला, "पावणं, आमचा बा जरा येगळा दिसायचा." चौकटीवर हार तसाच होता. मी तो काढायला गेलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. आईनं घातलाय. सगळं गाव बघून गेलं. आमचा बा बी असाच, घटकाभर बूड टेकायचा न्हाय." त्यांनी मुंगळ्यांना वाटेत गूळ आणि काजूचा चुरा घातला होता. त्यानंतर कित्येक दिवस बेगमच्या पोरी माझ्या साध्या गुळाला तोंड लावत नव्हत्या.

भाऊसोच्या वडिलांची तसबीर त्याच दिवशी हात जोडून दिली. त्याच्याइतका मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही. मी तसा नाही, हे पुढच्या कलमात दिसेलच.

कलम ५. माझा धाकटा भाऊ दिलदार मीरासाब मणेर, बांगड्यांचे दुकानदार. याच्याशी माझं बोलणं चौऱ्याहत्तर सालापासून बंद आहे. त्याचं कारण त्याला विचारलं तर तो मुंगळे सांगेल. खरं कारण मी सांगतो.

त्याची मुलगी नजीरा हिचा साखरपुडा आमच्याच घरी झाला, कारण आमची पुढची खोली मोठी. पाहुणे कागलचे. मोरचुदाचा धडा घेतल्यापासून मी साध्या पिठाची खळ वापरत होतो. औषध नाही म्हणजे काळजी नाही, असा माझा हिशेब. पीठ हे मुंग्यांचं जेवण आहे एवढं सोडून मी सगळ्याचा विचार केला होता. त्या सकाळी मुंग्यांनी आपल्या चौकटीची भिंतच खाल्ली आणि त्या बाहेर आल्या. साखरेची परात आणि पेढ्यांचं ताट दिलदारने कुठे ठेवलं, तर बरोबर चौकटीखालच्या फळीवर. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, ताट तिथे ठेवायचं नव्हतं. मुलाच्या बापाने पेढा उचलला. पेढ्याखालून काळी रांग निघाली आणि त्यांच्या अंगरख्याच्या बाहीत शिरली. ते नाचल्यासारखे उठले. नंतर मात्र हसले आणि म्हणाले, "पावणं, तुमच्यात मुंगळ्यांची बी पंगत बसती व्हय?" नजीरा तर ओढणी तोंडात धरून हसत होती. सगळे हसले, एकटा दिलदार सोडून. पाहुणे गेल्यावर तो मला म्हणाला, "दादा, तुला भाऊ पायजे का मुंगळं, ते एकदा ठरीव." मी म्हणालो, मुंगळे ताट कुठे ठेवायचं ते तरी बघतात.

इथवर दोष दोघांचा धरला तरी माझी हरकत नाही. त्यापुढचा दोष त्याचा एकट्याचा. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पत्रिका साऱ्या पेठेत वाटल्या. न्हाव्याला गेली, दूधवाल्याला गेली. केरबाला तर दोन गेल्या, कारण पहिली त्याने हरवली. मला आली नाही. निकाहाच्या दिवशी मेहमुदा म्हणाली, "चला की, तुम्हाला कशाला पायजे पत्रिका?" बायका असली सारवासारव करतातच म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती गेली. मी नवा सदरा घालून पुढच्या खोलीत बसलो, ऐनवेळी कुणी बोलवायला येईल म्हणून. मांडवातला बँड घरापर्यंत ऐकू येत होता. बोलवायला कुणी आलं नाही. रात्री मेहमुदाने डब्यातून जेवण आणलं, ते मी खाल्लं नाही. त्यातला गोड भात बेगमच्या घरच्यांनी खाल्ला.

सबब, दिलदार यास मी माझी पत्रिका देत नाही. माझ्या मयतीला त्याला कुणी बोलवायला जाऊ नये.

(वकिलांनी इथे समासात लिहिलं होतं की मयतीच्या पत्रिका नसतात. मला माहीत आहे.)

कलम ६. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. माझ्यामागे बेगमला कोण बघणार?

तिची गरज फार नाही, पण रोजची आहे. कापसाच्या वातीतून थोडं पाणी, गुळाचा एक थेंब, अधूनमधून झुरळाची तंगडी. आठवडाभर कुणी बघितलं नाही तर माती वाळते, अंडी सुकतात आणि संपलं. पूर्वी मी तिला एक गंमत समजत होतो. आता तसं नाही. दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी आधी लाल कागद उचलला, मग बायकोशी बोललो, यावरून काय ते समजावं. मी गेल्यावर ती काचेत वाळून मरावी, ही कल्पना मला माझ्या मरणापेक्षा जास्त छळते. चौसष्टाव्या वर्षी माणसाने हे कागदावर लिहावं का, असं वकिलांनी विचारलं. बहुतेक लिहू नये.

मी सगळ्यांना विचारून बघितलं. केरबा म्हणाला, "मालक, हत्यारं द्या, मुंगळं नगं. माझी बायको मला बी बाहीर टांगंल." मीनाबाई कांबळ्यांना मनापासून हवी होती, पण त्यांची बदली नागपूरकडे झाली आहे. ट्रकच्या धक्क्यांनी आतले बोळ ढासळतील आणि बेगम त्यात गाडली जाईल, असं त्यांनीच सांगितलं. मेहमुदाला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्यामागं मी रडत बसू का ह्यास्नी गूळ घालू? दोन्ही एका टायमाला व्हायचं न्हाय."

तेव्हा या मृत्युपत्रान्वये मी बेगम, तिची सर्व प्रजा, चौकट, लाल कागद आणि गुळाची डबी माझा भाऊ दिलदार यास देत आहे. ज्याला मुंगळे नको होते त्याच्याच भिंतीवर ते जावेत, एवढाच माझा हेतू. याला सूड म्हणतात, असं वकील म्हणाले. मी म्हणालो, तोच शब्द घाला.

वकिलांनी अडचणी काढल्या. आमच्यात मृत्युपत्राने मालमत्तेचा तिसरा हिस्साच देता येतो. पण मुंगळ्यांची बाजारात किंमत काहीच होत नसल्याने ती अडचण बसल्या जागी मिटली. दुसरी अडचण अशी की वारसाला असं वेगळं काही द्यायचं तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. दुसरी वारस मेहमुदा. वकिलांचं वाक्य संपायच्या आत तिने संमती दिली. ही संमती तुमच्या यजमानांच्या पश्चातही द्यावी लागेल, असं वकील म्हणाले, तर म्हणाली, "दोन्ही येळंला देती. आंगठा का सही?"

तिसरी अडचण साक्षीदारांची. मी केरबा आणि दिलदार ही नावं सांगितली होती, दिलदारचं अशासाठी की आपल्या शिक्षेवर त्याने स्वतःच सही करावी. सांगावकर वकील म्हणाले, "ज्याला काही मिळायचं त्याची साक्ष मी माझ्या टेबलावर चालू देत नाही. केरबांना हत्यारं वेगळ्या कागदाने आजच देऊन टाका, म्हणजे ते मोकळे. तुमच्या भावाने मात्र एक काय ते ठरवावं. एक तर मुंग्या घ्याव्यात, नाही तर साक्षीला सही करावी. सही केली की मुंग्यांवरचा हक्क गेला."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात पुढचं आलं. तसं लिहून ठेवतो. हा कागद सही करायच्या दिवशी दिलदारला निरोप धाडावा आणि ही अट वाचून दाखवावी. त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर हे देणं रद्द समजावं आणि माझ्यामागे केरबाने बेगमला कळंब्याच्या तलावाकाठी, जिथून आणली तिथे, सोडून द्यावं. दिलदार सही करणार हे मला माहीत आहे. मुंगळ्यांतून सुटका मिळत असेल तर तो पळत येईल. पण सही करायला त्याला या घराची पायरी चढावी लागेल. नऊ वर्षांत तो चढलेला नाही. बेगमच्या जिवावर मी माझ्या भावाचं तोंड बघायची सोय केली आहे आणि मला याची लाज वाटते. लाज हा शब्द वकिलांनी खोडला होता, मी परत लिहिला आहे.

कलम ७. किरकोळ. रेडिओ मेहमुदाला. इतकी वर्षं तिला तो ऐकता आला नाही, कारण आवाजाने काच थरथरते आणि मुंगळे घाबरतात, असं माझं म्हणणं होतं. मीनाबाईंनी परवा सांगितलं की तसं काही होत नाही. सायकल ज्याला चालवता येईल त्याने घ्यावी, तिचा ब्रेक माझ्या स्वभावावर गेला आहे, लागतो पण उशिरा. मोठं भिंग मीनाबाई कांबळे यांना द्यायचं होतं, ते मी आजच त्यांच्या हातात दिलं.

कलम ८, सही करण्यापूर्वी जोडलेलं. आज दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमले. वकील, केरबा, मीनाबाई आणि मी. दिलदार उंबऱ्याबाहेर उभा राहिला. केस पार पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. मेहमुदा म्हणाली, "आत या की भावजी, दारात काय?" तो आत आला, माझ्याकडे न बघता वकिलांसमोर बसला आणि म्हणाला, "कुठं करायची सही?"

वकिलांनी कलम पाच आणि सहा वाचून दाखवलं. पत्रिकेचा मजकूर आला तेव्हा त्याने मान वर केली. सहावं संपल्यावर त्याने विचारलं, "म्या सही केल्यावर ह्यांचं काय?"

"तलावाकाठी सोडायच्या," वकील म्हणाले.

"सोडल्यावर जगतील व्हय?"

मीनाबाई म्हणाल्या, "नाही. राणी म्हातारी आहे. नवीन घर उकरायची ताकद तिच्यात राहिली नाही."

दिलदार लेखणी हातात घेऊनच उठला. भिंतीशी गेला आणि लाल कागद उचलला. कामकरी मुंगळ्या तांदळासारखे पांढरे कोष उचलून वरच्या कोठीत नेत होत्या, दुपारच्या उबेला. एका कोषामागे त्याचं बोट काचेवरून वरपर्यंत गेलं.

"ही तीच का, नजीराच्या साखरपुड्याची?"

"तीच," मी म्हणालो. नऊ वर्षांनी त्याच्याशी बोललेला माझा पहिला शब्द मुंगळीबद्दल निघाला.

"नजीराला आता दोन पोरं हायत. तिच्या मोठ्या पोराला झोपवताना गोष्ट सांगती, बडेअब्बाच्या मुंगळ्यांनी आज्याच्या बाहीत कशी धाव घेतली त्याची. रोज तीच पायजे म्हणतंय ते."

मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"पत्रिका पायजे व्हती व्हय तुला? घरच्या माणसाला पत्रिका कोण देतंय, दादा? थोरला भाऊ तू. बा गेल्यावर घरात तूच मोठा. निकाहाला गवाह म्हणून तुझं नाव लिवलं व्हतं म्या. तुझी जागा धरून बसलो. काझीसाबनी दोनदा विचारलं, थोरले भाऊ आले का म्हणून. शेवटी परक्या माणसाला उठवून साक्षीला बसवला, माझ्या पोरीच्या निकाहात. आणि तू हितं नवा सदरा घालून बसलायस, पत्रिका येती का बघत."

मेहमुदा पदराने डोळे पुसत होती. बायकांच्या बाजूला बसल्यामुळे तिलाही हे ठाऊक नव्हतं. केरबा छताकडे बघत होता. बांगडीवाल्याच्या घरात जन्मून, साऱ्या गावाच्या लग्नांचे फोटो काचेत बसवून, आपल्या माणसाला बोलावणं नसतं एवढी साधी रीत मला कळली नव्हती. नऊ वर्षं मी त्याला गुन्हेगार धरून बसलो होतो. मला रडू आलं आणि मी ते सगळ्यांसमोर रडलो, हेही लिहून ठेवतो.

वकिलांनी हळूच विचारलं की कलम पाच खोडायचं का. मी म्हणालो, राहू द्या. डॉक्टरांच्या दाखल्याशेजारी तेही असू दे.

दिलदारने लाल कागद परत नीट लावला, कडा बोटांनी दाबल्या. टेबलाशी आला आणि लेखणी खाली ठेवली.

"म्या सही करणार न्हाय," तो म्हणाला. "माझ्या साक्षीला तू आला न्हाईस, तुझ्या साक्षीला म्या न्हाय. झाली फिट्टंफाट."

"मग मुंग्या तुम्हाला घ्याव्या लागतील," वकील म्हणाले.

"वाचून दावलंसा न्हवं मगाशी? मला कळतंय मराठी." मग मला म्हणाला, "सोमवारी दुकान बंद असतंय माझं. येतो. किती गूळ घालायचा, पाणी कुठनं सोडायचं, समदं दाव. आणि इतक्यात मरू नगंस, मला शिकायला येळ लागतोय."

मेहमुदाने चहा आणला. दिलदारने कपात साखर जास्त मागून घेतली आणि बशी चौकटीखालच्या फळीवर ठेवायला गेला. मी त्याला अडवलं. या वेळी त्याने ऐकलं.

सबब, कलम ५ मधला मयतीला बोलवू नये हा मजकूर तसाच कायम ठेवावा. त्याला बोलवायला कुणी जाऊ नये. तो घरचा आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, चष्मा दोनदा पुसून खाली सही केली आहे. मागे केलेलं मृत्युपत्र कोणतंही नाही. पुढे करीन असं वाटत नाही, काळीज आणि वकील दोघेही परवानगी देणार नाहीत.

स्थळ: पुढची खोली, मेहमुदाचं घर, शनिवार पेठ, कोल्हापूर
दिनांक: १२ फेब्रुवारी १९८३

(सही) फक्रुद्दीन मीरासाब मणेर
लिहून ठेवणार

साक्षीदार:

१. (सही) केरबा रामू सुतार. हत्यारं आजच पावली. कोपऱ्याच्या जोडाबद्दलचा मजकूर मान्य नाही.

२. (सही) मीना यल्लाप्पा कांबळे

३. दिलदार मीरासाब मणेर. हजर होता. सही नाही.